रस्ता ओलांडण्याचा हक्क

भंडारा, लाखनी, साकोली. मुंबई-कोलकाता महामार्ग जिल्ह्याच्या पोटातून जातो. कित्येक ठिकाणी वस्ती रस्त्याच्या एका अंगाला आणि धानाच्या बांध्या दुसऱ्या अंगाला. रोवणीच्या दिवसांत कामाला निघालेल्या बायांना ट्रकांच्या रांगेत फट शोधावी लागते. रस्ता बांधला आहे तो इथे न थांबणाऱ्यांसाठी!

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५. मोटारीत बसलेल्या मृतांचा आकडा पायी चालणाऱ्यांहूनही कमी आहे. मरतो कोण, हे यावरून कळावे.

संयुक्त राष्ट्रांनी २०११ ते २०२० हे रस्ता सुरक्षेचे दशक पाळले. २०१५ मध्ये ब्राझिलियाच्या जाहीरनाम्यावर भारताने सही केली. मृत्यू निम्मे करायचे होते, ते झाले नाहीत. आता मुदत २०३०. जाहीरनाम्यांनी पोट भरत नाही हे खरे. तरी २०२० साली स्टॉकहोमला एक गोष्ट नीट मांडली गेली : जिथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरवर आणा. माणूस चुकणारच, हे धरून रस्ता बांधा.

आपल्याकडे मात्र मेलेलाच आरोपी. ‘बेसावधपणे रस्ता ओलांडताना’ असे लिहिले की सारे सुटले. पीडितावरच खापर फोडणारी ही भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द आहे. ज्यांना सार्वजनिक वाटेवर पाऊल टाकायची बंदी होती, त्यांच्यासाठी तो तिथे आहे. इंजिनियर नकाशा काढताना जात पाहत नसेल. पण पायी कोण चालते, हे त्याने पाहायला नको काय?

धडक देऊन वाहन पळाले तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. पूर्वी २५ हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ संरक्षण देते. हे किती वस्त्यांना ठाऊक आहे? विहाराच्या फलकावर चार ओळी लिहायला पैसे लागत नाहीत.

दसऱ्याला याच रस्त्याने आपली माणसे दीक्षाभूमीकडे निघतात. त्याआधी ग्रामसभेत भुयारी मार्ग, दिवे आणि वेगमर्यादेचा ठराव घ्यावा, तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्यावा आणि शिक्क्याची पोच घेऊनच परतावे.