‘पाणी सुटते’ म्हणजे काय होते? : पेशीपटल आणि परिभाषा

शास्त्रीय परिभाषा कृत्रिम असते, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती तपासण्यासाठी येथे जीवशास्त्रातील एक क्रिया घेऊ.

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवतात. काही वेळाने फोडींना ‘पाणी सुटते’. ‘सुटणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. ते परिणाम सांगते, कारण सांगत नाही. प्रत्येक पेशीभोवती मेदद्रव्यांच्या दुहेरी थराचे अत्यंत पातळ पटल असते. ते निवडक्षम असते : पाण्याला वाट देते, मिठाला सहजासहजी देत नाही. बाहेर मीठ विरघळले की तेथील पाण्याचे प्रमाण पेशीतल्यापेक्षा कमी होते आणि पेशीतील पाणी पटलातून तिकडे जाते. हे ‘परासरण’. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो ते ‘विसरण’. त्यास पटलाची अट नाही. दोन्ही शब्दांत ‘सृ’ हा एकच धातू आहे, भेद उपसर्गाने केला आहे. (‘विसरणे’ या क्रियापदाशी याचा संबंध नाही, ते ‘वि+स्मृ’पासून आले.)

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत खताची मात्रा वाढली की ‘खताने पीक जळाले’ असे म्हणतात. ‘जळणे’ उष्णता सुचवते. वस्तुतः मुळांभोवती क्षार वाढल्याने मुळांना पाणी घेता येत नाही, पानांच्या कडा करपतात. कैरीचीच गोष्ट, फक्त शेतातली.

आता जुलाब झालेल्या बाळाचे साखर-मीठ-पाणी पाहा. साखर चवीसाठी असते, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. लहान आतड्याच्या पेशीपटलात एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोज आणि सोडिअम यांना एकत्रच आत नेते. त्यांच्यामागून परासरणाने पाणी आत जाते. ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच द्रावण तोंडावाटे देऊन असंख्य रुग्ण वाचवले. शिरेतून द्यावयाचे सलाइन तेथे पुरेसे नव्हते.

घरगुती प्रमाण असे : एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. साखर फार वाढली तर परासरण उलट्या दिशेने होते. पाणी आतड्याच्या पोकळीत खेचले जाते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त पडणे तर बाळाला अधिकच घातक.

कृती : हीच सूचना एखाद्या आजीला समजेल अशा पाच वाक्यांत, प्रथम प्रमाण मराठीत व मग जमल्यास अहिराणीत लिहा. ‘चवीपुरते’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द कोठेही वापरू नका.