मुलांचा आत्मसन्मान : घर आणि मित्र

दहावी-बारावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात आणि त्याच दिवशी एखाद्या घरात कुणी मुलगा किंवा मुलगी तोंड लपवून बसलेली असते. गुण कमी पडले एवढेच ते दुःख नसते. 'आपण कशाच्याच लायकीचे नाही' असे मनात घर करू लागते, ही खरी काळजीची गोष्ट होय.

आत्मसन्मान म्हणजे अहंकार नव्हे. इतरांपेक्षा आपण श्रेष्ठ असे मानणे हा अहंकार. इतरांच्या बरोबरीने आपल्यालाही किंमत आहे ही जाणीव म्हणजे आत्मसन्मान. ही जाणीव कोठून येते? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील दहा शाळांतील सुमारे पाच हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे प्रश्न अगदी साधे होते. लहानपणी तुमचे मित्र कोण हे आईवडिलांना ठाऊक होते का? प्रगतिपुस्तक पाहून ते काय करीत? जेवताना तुमच्या बोलण्याकडे लक्ष देत का?

उत्तरे विचार करायला लावणारी होती. प्रगतिपुस्तकावरून ज्यांना घरी बोलणी बसत, त्यांच्यापेक्षाही ज्यांच्या प्रगतिपुस्तकाकडे कुणी पाहतच नसे, त्यांचा आत्मसन्मान कमी आढळला. याचा अर्थ मुलांना मारावे-झोडावे असा मुळीच नाही. बेपर्वाई ही रागाहूनही जास्त लागते, एवढाच त्याचा अर्थ. १९६७ साली स्टॅन्ली कूपरस्मिथ यांनीही असेच दाखविले की, ज्या घरात माया असते, नियम स्पष्ट असतात आणि मुलांचे म्हणणे ऐकून घेतले जाते, त्या घरातील मुले स्वतःला कमी लेखत नाहीत.

आपल्या समाजातील अनेक पालक म्हणतात, "आम्ही शिकलेलो नाही, पोराला काय विचारणार?" परंतु वरील प्रश्नांपैकी एकालाही शिक्षण लागत नाही, पैसाही लागत नाही. दिवसभर राबून आलेली आई भाकरी वाढताना "आज शाळेत काय झालं?" एवढे विचारू शकते. त्यातून 'तू आमच्यासाठी मोलाचा आहेस' हे मुलाला कळते.

आता मित्रांकडे वळू. रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी १९६८ साली बाल्टिमोर शहरातील काळ्या व गोऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. समाज ज्यांना हीन लेखतो, ती काळी मुले स्वतःलाही हीन मानत असतील, असा सर्वसाधारण समज होता. तो खोटा ठरला. कारण मूल स्वतःची किंमत साऱ्या जगाच्या नजरेतून नव्हे, तर मुख्यतः आपले आईवडील, मित्र आणि शिक्षक यांच्या नजरेतून ठरवते. मात्र गोऱ्यांचा भरणा असलेल्या शाळांत शिकणाऱ्या काळ्या मुलांचा आत्मसन्मान काहीसा कमी आढळला.

गाव सोडून मोठ्या महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको. वर्गात आपण एकटेच, भाषा वेगळी, आडनावावरून होणारी चौकशी. अशा वेळी एक चांगला मित्रही मोठा आधार ठरतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. अशा वसतिगृहांतून राहण्याजेवणाची सोय तर झालीच, शिवाय बरोबरीने शिकणारी सोबतही मिळाली.

मित्र निवडताना एवढेच पाहावे : याच्या संगतीत आपल्याला मोकळेपणे बोलता येते का, की सतत स्वतःला सिद्ध करावे लागते? टिंगल करून खाली ओढणारी आणि व्यसनाला 'मर्दानगी' म्हणणारी संगत मैत्रीची नव्हे.

मिशेल हॅरिस व उलरिच ऑर्थ यांनी ५२ अभ्यास, म्हणजे ४७ हजारांहून अधिक लोकांची माहिती, एकत्र तपासून २०२० साली प्रसिद्ध केली. चांगल्या संबंधांनी आत्मसन्मान वाढतो आणि आत्मसन्मान वाढला की संबंधही सुधारतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे चक्र कोठूनही सुरू करता येते. पालकांनी आज रात्रीच्या जेवणापासून सुरू करावे. विद्यार्थ्यांनी वर्गात एकट्या बसणाऱ्या सोबत्याच्या बाकावर जाऊन बसावे. आणि निकालाच्या दिवशी पेढे घेऊन निघताना आपण सर्वांनी ज्या घरात शांतता आहे, त्या घराचे दारही वाजवावे.