नवीन घरासाठी भांडी : सेट घ्यावा की सुटी भांडी?



आज आपण रोजच्या वापरातला, पण फारसा विचार न करता उरकला जाणारा एक विषय पाहणार आहोत. नोकरीसाठी परगावी खोली घेतलेले, नुकतंच लग्न झालेले, शिकायला बाहेर पडलेली मुलं, या सगळ्यांना एक प्रश्न पडतो. भांडी नेमकी कोणती घ्यायची?

माझाच अनुभव सांगते. शिक्षणसेवक म्हणून पहिली नेमणूक मिळाली तेव्हा पहिल्या मानधनातून मी २१ नगांचा स्टीलचा सेट घेतला. "मॅडम, यात अख्खा संसार आहे," असं दुकानदार म्हणाला होता. पण पातेल्यांची बुडं इतकी पातळ की पहिल्याच आठवड्यात दूध करपलं, मग खिचडी. रोज हातात यायची ती चारच भांडी. आणि त्या अख्ख्या संसारात तवा नव्हता! महिनाभर शेजारच्या काकूंचा तवा मागून आणून भाकरी केली.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक काम करा. आठवडाभर आपल्या घरात काय शिजतं ते वहीत लिहा. बहुतेकांची यादी वरण-भात, पोळी किंवा भाकरी, एक भाजी, दूध, चहा अशीच निघेल. त्याला एक कुकर, एक तवा, एक कढई आणि दोन-तीन पातेली पुरतात. (पातेलं म्हणजे कुणाकडे टोप, कुणाकडे गंज, कुणाकडे भगुणं. माझ्या वर्गात एकदा यावरून मुलांची चांगलीच जुंपली होती.) सोबत परात, पोळपाट-लाटणं, उलथणं, डाव आणि सांडशी.

आता दूध का करपलं ते पाहू. स्टील टिकाऊ असतं, गंजत नाही, पण उष्णता वाहून नेण्यात कच्चं. ॲल्युमिनियम म्हणजे आपलं 'जर्मन' त्याच्या दहापटीहून जास्त वेगाने उष्णता पसरवतं. पातळ स्टीलमध्ये ज्योत लागते तेवढीच जागा तापते आणि तिथेच पदार्थ धरतो. यावर उपाय म्हणून हल्ली दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा थर घालतात, त्याला ट्रायप्लाय म्हणतात. ते महाग असतं. परवडत नसेल तर निदान जाड बुडाचं घ्या. साधी स्टीलची भांडी बऱ्याच ठिकाणी वजनावर मिळतात, त्यामुळे जड भांड्याला जास्त पैसे पडणारच. ते दुधाच्या पातेल्यावर आणि कढईवर खर्च करा. पाणी तापवायला पातळ पातेलं चालतं.

कुकर दोघांना ३ लिटरचा पुरतो, चार-पाच जणांना ५ लिटरचा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं, कुकरमध्ये दाबामुळे ते १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण डाळीला फेस येतो आणि शिट्टीची वाट बंद होऊ शकते. थेट कुकरमध्येच डाळ लावत असाल तर पाण्यासकट अर्ध्यावर भरू नका.

तवा लोखंडीच घ्या, माझं स्पष्ट मत आहे. लोखंडी कढईही भाजीला छान, फक्त चिंच-आमसुलाची आमटी किंवा टोमॅटोचा रस्सा तिच्यात ठेवू नका. काळा पडतो, चवही बिघडते. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवला की गंज चढत नाही.

पितळेची भांडी घरातून मिळाली असतील तर आधी आत बघा, कल्हई आहे का? सासूबाईंनी दिलेल्या पातेल्यात मी हौसेने कढी केली. आतली कल्हई उडालेली होती, ताक कळकलं आणि सगळी कढी ओतून द्यावी लागली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून असं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. नॉनस्टिकही रिकामं तापवायचं नाही, पण कारण वेगळं. फार तापलं की त्याचा लेप खराब होऊन धूर सुटतो. घावन-डोशापुरता एक छोटा तवा पुष्कळ झाला.

इंडक्शनची शेगडी असेल तर दुकानात चुंबक घेऊन जा. बुडाला चिकटला तरच भांडं चालेल. मी शाळेच्या विज्ञानपेटीतला नेला होता, दुकानदार बघतच राहिला.

सगळं एकदम घेणं जमत नसेल तर पहिल्या महिन्यात कुकर, तवा आणि एक जाड पातेलं घ्या. कढई पुढच्या पगाराला. आणि लग्न ठरलं असेल तर थोडं थांबा. ताटं, वाट्या, पेले आहेरात येतातच. मावशी-आत्यांनी "तुला काय हवं गं?" विचारलं तर लाजू नका, ३ लिटरचा कुकर सांगा.