डावखुऱ्यांच्या मुठीचे माप

हाताला दुखापत झाल्यावर ताकद किती परत आली हे पाहायचे, तर दुखऱ्या हाताची तुलना धडधाकट हाताशी करतात. डायनामोमीटरची मूठ आवळायची, काट्यावर किलो वाचायचे. या तुलनेत एक ठोकताळा वर्षानुवर्षे वापरात आहे: सरावाचा हात दुसऱ्यापेक्षा १० टक्के बळकट असतो. १९८९ साली अमेरिकेत ३१० स्त्री-पुरुषांवर तो तपासला गेला. उजव्या हाताने काम करणाऱ्यांत फरक पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास भरला, डावखुऱ्यांत जवळजवळ शून्य. सगळ्यांची सरासरी १० टक्क्यांच्या थोडी वर आली आणि तिच्यात डावखुरे दिसेनासे झाले. त्यांना हा ठोकताळा लावणे मला घातक वाटते. डावखुऱ्याचा उजवा हात जखमी झाला आणि त्याची पकड डाव्याच्या नव्वद टक्क्यांवर आली, की ‘बरा झाला’ म्हणून उपचार थांबतील. प्रत्यक्षात दहावा हिस्सा ताकद अजून यायची असेल.

हे शून्य आले कुठून? कात्री उजव्या हाताची, स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे, आणि आपल्याकडे तर पोराने डावा हात ताटाला लावला की घरचे टोकतात. डावखुऱ्याच्या उजव्या हाताला असा आयुष्यभर व्यायाम घडतो. डावखुऱ्यांची दोन्ही हातांतली वाटणी जन्मतःच कमी ठाम असते, असाही आक्षेप येईल. तसे असले तरी रुग्णापुरता निष्कर्ष बदलत नाही. शिवाय सरासरी शून्य म्हणजे प्रत्येकाचे हात समान नव्हेत. कुणाचा डावा वरचढ, कुणाचा उजवा.

मग स्त्री-पुरुषांच्या पकडीतला फरकही सवयीचाच म्हणावा का? तसे म्हणायचा मोह होतो, पण पुरावा साथ देत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात २० ते २५ वयाच्या पुरुषांची सरासरी पकड सुमारे ५५ किलो होती, स्त्रियांची ३३.५. ज्यूदो आणि हँडबॉलच्या कसलेल्या महिला खेळाडूंची सरासरी ४५ पर्यंत पोहोचली. सरावाने एवढी मोठी मजल मारूनही सामान्य पुरुषांची सरासरी दूरच राहिली, कारण वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे पुरुषांच्या शरीरात स्नायू अधिक भरतात, पंजाही मोठा होतो. म्हणूनच उतारवयातला स्नायूंचा अशक्तपणा ओळखण्यासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलोंची रेषा आखली. वेगळी रेषा म्हणजे बायकांना कमी लेखणे, हे म्हणणे मला पटत नाही: सर्वांना २८ लावले तर असंख्य निरोगी स्त्रिया आजारी ठरतील, १८ लावले तर खंगत चाललेले पुरुष निसटतील. डावखुऱ्यांसाठी मात्र दुसरा ठरीव आकडा शोधून भागणार नाही. तिथे ‘कुठल्या हाताने लिहिता?’ एवढ्यावर न थांबता बादली कुठल्या हाताने उचलता, कपडे कुठल्या हाताने पिळता, हे विचारावे लागेल.