फॉरमॅट मारण्याआधी

मार्च २०१३ मध्ये लखनौत बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना सरकारी लॅपटॉप वाटायला सुरुवात झाली. एचपी कंपनीचं हे यंत्र सुरू केलं की पडद्यावर उत्तर प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री अखिलेश यादव आणि त्यांचे वडील मुलायमसिंह यांची छबी झळकायची. त्यावरून राजकीय टोमणे रंगलेच. पण त्याहून जास्त गाजली ती दुसरीच बातमी. हे चित्र काढायला जाल तर लॅपटॉप कायमचा बंद पडेल, म्हणे!

बातमीत अर्धं तथ्य होतं. विंडोज उघडल्यावर मागे दिसणारं चित्र कोणीही बदलावं, यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं. मात्र बटण दाबल्याबरोबर जे बोधचिन्ह दिसतं, ते हार्डडिस्कवर नसतंच. ते मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये, बायोसच्या पोटात असतं. तिथे चुकीची फाइल भरली, किंवा भरता भरता लाइट गेली, तर बोर्ड खरोखरच डेड होऊ शकतो.

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंतच्या सगळ्या घडामोडी लोक एकाच गाठोड्यात बांधतात, हा घोळाचा उगम. लालबागेतलं नाझा मार्केट म्हणजे लखनौचं लॅमिंग्टन रोड. तिथल्या काउंटरवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं एका वाक्याचं असतं : ‘ऑन नहीं हो रहा’. त्या एका वाक्यात निदान चार वेगळे आजार दडलेले असतात. बटण दाबूनही काहीच हालचाल नाही, हा एक. पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, हा दुसरा. कंपनीचं नाव येतं आणि गाडी तिथेच अडते, हा तिसरा. विंडोज अर्ध्यावर येऊन निळी पडते, हा चौथा. पहिल्या दोहोंशी विंडोजचा काडीचाही संबंध नाही, कारण तिची पाळीच आलेली नसते.

आणि तरीही सर्रास ऐकू येणारा सल्ला कोणता? ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारा.’ पडदा काळाच असेल, तर या उपायाने एकच गोष्ट नक्की होते : पोराबाळांचे फोटो जातात.

निळ्या पडद्यावरही फॉरमॅट हा पहिला उपाय नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. सुटे भाग सगळे ठणठणीत होते, डेटाही शाबूत होता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवली की यंत्र पूर्ववत. मायक्रोसॉफ्टने तर काही ग्राहकांना पंधरा पंधरा वेळा रीस्टार्ट करून पाहायला सांगितलं आणि अनेकांचं काम तेवढ्यावर भागलं. ‘बंद करून परत चालू करा’ या सल्ल्याची थट्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता पंख्यांकडे आणि मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे वळू. ‘पंखा फिरतोय, लाइट लागतेय, म्हणजे एसएमपीएस ठीक’ हा गैरसमज कारागिरांतही आढळतो. मदरबोर्डवरचा तो दिवा बटण दाबण्याआधीच लागलेला असतो, कारण प्लग चालू असला की पाच व्होल्टची एक राखीव वाहिनी सतत जागी असते. त्या दिव्यावरून कळतं ते इतकंच की भिंतीतून वीज येते आहे. खरं काम बारा, पाच आणि सव्वातीन व्होल्टच्या आसपासच्या वाहिन्यांचं. बारा व्होल्टच्या वाहिनीला पाच टक्के खालीवर होण्याची मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६. पंखा दहा व्होल्टवरही आनंदाने गरगरतो. प्रोसेसर अशा विजेवर उभा राहत नाही. शिवाय सगळ्या वाहिन्या स्थिरावल्याचा इशारा एसएमपीएसकडून मिळेपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला हलूच देत नाही.

एसएमपीएस तपासण्याची बाजारातली रीत अशी : चोवीस पिनांचा जाड प्लग मदरबोर्डवरून काढायचा आणि त्यातली हिरवी तार पेपरक्लिपने शेजारच्या काळ्या तारेला जोडायची. पंखा फिरला नाही तर एसएमपीएसवर दाट संशय घ्यावा. फिरला, तर तो पास झाला असं मात्र नव्हे. भार पडल्यावर व्होल्टेज टिकतं का, हे मल्टिमीटरनेच कळतं. आणि कितीही मोह झाला तरी एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

पंखे फिरूनही डिस्प्ले नसण्याची एक साधी खोड म्हणजे प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा प्लग. साफसफाईनंतर तोच जोडायचा राहतो. दुसरी त्याहून साधी : ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या खाचेत घुसवलेली असते. तिसरी रॅमची. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसून, खटका लागेपर्यंत परत बसवणं हा उपाय थट्टेचा वाटतो, पण लागू पडतो. धूळ आणि दमट हवेने त्या संपर्कावर थर धरलेला असतो.

उलट नव्याकोऱ्या डीडीआर-५ रॅमच्या यंत्रात काळा पडदा हा दोषच नसू शकतो. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड त्या रॅमशी जुळवून घेत असतो आणि त्यात काही मिनिटं जातात. घाबरून मध्येच बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून.

‘सेल गेला असेल’ हेही ठरलेलं निदान. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा तीन व्होल्टचा सेल घड्याळ चालवतो, आणि बहुतेक जुन्या बोर्डांत बायोसच्या सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतात. तो संपला की तारीख मागे जाते, वेबसाइट सुरक्षेच्या तक्रारी करू लागतात, कधी सुरुवातीलाच एफ-१ दाबायला सांगितलं जातं; पण यंत्र सहसा सुरू होतं. मग सेल बदलल्यावर मेलेलं मशीन जिवंत कसं होतं? प्लग आणि सेल दोन्ही काढल्यामुळे बिघडलेल्या सेटिंग पुसल्या जातात म्हणून. श्रेय मात्र नव्या सेलला जातं.

लखनौचा मे महिना हा वेगळाच मामला. पारा चाळिशीच्या वर, लू वाहतेय आणि लाइटचा लपंडाव. घरात इन्व्हर्टर आहे म्हणजे कम्प्युटर सुरक्षित, हा समज तिथे फार महागात पडतो. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागला की मशीन रीस्टार्ट होतं आणि हार्डडिस्कवर लिहिणं चालू असेल तर विंडोजच्या फाइली खराब होऊ शकतात. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते कित्येक घरांत कधी दाबलेलंच नसतं.

उष्णतेचा दुसरा मार कपॅसिटरवर. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांमुळे जगभर मदरबोर्ड बसले होते. डेल कंपनीचे ऑप्टिप्लेक्स जीएक्स-२७० संगणक त्यात बदनाम झाले. टॉर्च मारून बघितलं तर डोकं फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनाही दिसतो.

आणखी एक ताजी अफवा : विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुनी मशीन बंद पडली. ती बंद पडत नाहीत. त्यांना सुरक्षेची नेहमीची मोफत अपडेट मिळणं थांबलं, एवढंच.

दुरुस्तीला देताना दुकानदार फॉरमॅटवर अडून बसला, तर हार्डडिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालावी आणि दुसऱ्या कम्प्युटरला जोडून आधी फाइली उतरवून घ्याव्यात. मेलेल्या मदरबोर्डचा डिस्कवरच्या फाइलींना सहसा धक्का लागत नाही. अडचण येते ती बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर : डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून यंत्र सुरू केलं होतं त्याच खात्यात नोंदलेली असते, आणि हे खातं पुष्कळदा नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाचं निघतं.