ऑक्टोबरची यादी मोठी असते

अमेरिकेतल्या माजी पाणबुडी सैनिकांच्या बहुतेक शाखांत मासिक बैठकीची सुरुवात घंटेने होते. त्या महिन्यात गमावलेल्या पाणबुडीचं नाव, तारीख आणि तिच्यासोबत गेलेल्या माणसांचा आकडा वाचला जातो, मग घंटेचा एक ठोका, मग पुढचं नाव. काही महिन्यांत हे लवकर आटोपतं. ऑक्टोबरची यादी मात्र लांबत जाते. १९४३ची वाहू, १९४४च्या सीवुल्फ, एस्कोलर, शार्क, डार्टर, टँग. टँगने सोडलेला अखेरचा टॉर्पेडो भरकटला आणि गोल वळून तिच्यावरच येऊन आदळला. ७८ जण गेले. कप्तान रिचर्ड ओकेन यांच्यासह फक्त ९ जण वाचले. डार्टर खडकावर रुतली, पण सोबतच्या डेस या पाणबुडीने तिच्यावरच्या सगळ्यांना उचलून घेतलं. एकही माणूस दगावला नाही, तरी डार्टरसाठीही घंटा वाजते. मला हे फार हृद्य वाटतं. ज्यांनी तिच्या पोटात दिवस काढले, त्यांच्या लेखी बोटसुद्धा घरातलंच माणूस असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ५२ पाणबुड्या आणि साडेतीन हजारांहून अधिक पाणबुडी सैनिक गमावले. गस्तीवर गेलेल्या पाचांपैकी साधारण एक जण परतला नाही. पुढे युद्धातल्या माजी सैनिकांनी एक सुंदर गोष्ट केली. या ५२ बोटी त्यांनी ५० राज्यांना वाटून दिल्या. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांच्या वाट्याला दोन-दोन आल्या. प्रत्येक राज्याने आपल्या बोटीची आठवण जपायची. त्यामुळे समुद्र शेकडो मैल लांब असलेल्या नॉर्थ डकोटात, फार्गो शहरातल्या बागेत रोबालोचं स्मारक आहे. ती बोट १९४४च्या जुलैमध्ये फिलिपिन्सच्या पलावान बेटाजवळ बुडाली होती.

आजची मोठी संघटना, युनायटेड स्टेट्स सबमरीन व्हेटरन्स, ही १९६४ची. त्याआधीच्या वर्षी, १० एप्रिल १९६३ला, थ्रेशर ही अणुपाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत १२९ जणांसह गेली. त्यांत १७ नागरी तंत्रज्ञ होते. चौकशीतून जे चित्र पुढे आलं ते असं: नळीचा सांधा निकामी होऊन पाणी आत आलं असावं, अणुभट्टी बंद पडली, आणि बोट वर आणण्यासाठी टाक्यांत हवा सोडणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ धरला. त्यानंतर बांधणी आणि तपासणीचे नियम मुळापासून बदलले. त्या नियमांनुसार प्रमाणित झालेली एकही अमेरिकी पाणबुडी आजवर बुडालेली नाही. १९६८मध्ये ९९ जणांसह गेलेल्या स्कॉर्पियनला ते प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. मेन राज्यातल्या किटरी गावात थ्रेशरच्या स्मृतीसाठी उभारलेला ध्वजस्तंभ बरोबर १२९ फूट उंच आहे.

संघटनेच्या शाखेला ‘बेस’ म्हणतात आणि शाखाप्रमुखाला बेस कमांडर. नियमित सभासद व्हायचं तर छातीवर डॉल्फिनचं चिन्ह मिळवलेलं असावं लागतं. ते सहजी मिळत नाही. स्वयंपाकघरात काम करणारा असो की टॉर्पेडो हाताळणारा, प्रत्येकाला संपूर्ण बोट शिकावी लागते: कुठली झडप काय बंद करते, आग लागली तर श्वासाची नळी कुठे जोडायची, पाणी शिरलं तर कोणता दरवाजा आधी लावायचा. जाणत्यांसमोर तोंडी परीक्षा देऊन ते पटवावं लागतं. शंभरेक माणसांचा जीव एकाच्या हातात असतो, म्हणून ही शिस्त. निवृत्तीनंतरही तिची सवय सुटत नाही, आणि बेसचं सगळं काम त्या सवयीवर चालतं.

ते काम बाहेरून फारसं दिसत नाही. बेसच्या पत्रकात आजारी सभासदांची यादी छापतात. जहाजावरच्या जुन्या प्रथेप्रमाणे तिला ‘बिनॅकल लिस्ट’ म्हणतात. नाव त्या यादीत आलं की फोन सुरू होतात. कोणी दवाखान्यात घेऊन जातं, कोणी नुसतं घरी जाऊन बसतं. जो दोन बैठकांना आला नाही त्याची चौकशी होते. एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या म्हाताऱ्याला त्या फोनचं काय वाटत असेल, हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं काम कागदपत्रांचं. जुन्या बोटींत नळ्यांभोवती अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टन असे, आणि त्याने होणारा फुप्फुसाचा आजार कित्येक दशकांनी डोकं वर काढतो. डिझेल इंजिनांच्या खोलीत राबलेल्यांचे कान गेलेले असतात. सरकारी भरपाई मागायची तर आजाराचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो. तिथे त्याच प्रकारच्या बोटीवर असलेल्या सोबत्याचं लेखी निवेदन कामी येतं. आपण नेमके कुठे झोपायचो, कुठली नळी डोक्यावर होती, हे त्याच्याइतकं नेमकं कोण सांगणार? माझ्या मते संघटनेचं सगळ्यांत वजनदार काम हेच. संचलनात मिरवल्या जाणाऱ्या लाकडी पाणबुडीचे फोटो निघतात, अर्ज भरून देणाऱ्याचे नाहीत.

सभासद गेला की बेसचे लोक निळी जाकिटं घालून अंत्यविधीला हजर राहतात. कायद्याने सैन्याकडून किमान दोन गणवेशधारी येतातच. ध्वजाची घडी घालून कुटुंबाकडे देतात, बिगुल वाजतो. पण नवरा नेमकं काय काम करत होता हे त्या काळच्या गुप्ततेमुळे पत्नीला अनेकदा ठाऊकच नसतं. ते थोडंफार सांगू शकणारी माणसं बेसमधूनच आलेली असतात. शिवाय मुला-नातवंडांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. गंभीर आजारी मुलांच्या रुग्णालयांत जाऊन ही मंडळी त्यांना पाणबुडीचं नाव असलेली टोपी आणि मानद पाणबुडी सैनिकाचं प्रमाणपत्रही देतात.

हे लिहिताना मला मुंबई आठवते. १४ ऑगस्ट २०१३ला इथल्या नौदल गोदीत सिंधुरक्षक या पाणबुडीवर स्फोट झाले आणि १८ नौसैनिक गेले. आपली पहिली पाणबुडी कलवरी ८ डिसेंबर १९६७ला नौदलात आली. तो दिवस पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधल्या जातात, आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर २००२पासून संग्रहालय झालेली कुरसुरा ही पाणबुडी निवृत्त नौसैनिक फिरून दाखवतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय तिथून निघू नये.

अमेरिकेत महायुद्धातल्या पाणबुडी सैनिकांची स्वतंत्र संघटना वयापुढे हात टेकून २०१२मध्ये विसर्जित झाली. तिच्या आठवणींची जबाबदारी धाकट्या संघटनेने घेतली. त्याच वर्षी अमेरिकी पाणबुड्यांवरच्या पहिल्या महिला अधिकाऱ्यांना डॉल्फिनचं चिन्ह मिळालं. हे चिन्ह मिळवून ५० वर्षं झालेल्या सभासदांचा ‘हॉलंड क्लब’ आहे. १९००मध्ये अमेरिकी नौदलाने विकत घेतलेल्या पहिल्या पाणबुडीचं ते नाव. त्या महिला २०६२मध्ये त्याला पात्र होतील. त्यांच्या गावातला बेस तोवर चालू ठेवायचा, तर आज नोकरी-संसारात गुंतलेल्या चाळिशीच्या पाणबुडी सैनिकांना आतापासून बैठकीला आणावं लागेल.