इस्पितळाचे दार आणि घराचा उंबरठा

अपघात विभागात गर्दी झाली की लोक म्हणतात, डॉक्टर वाढवा, खाटा वाढवा. मागणी खोटी नाही. परंतु गर्दीचे मूळ पुष्कळदा पुढल्या दाराशी नसून मागल्या दाराशी असते. इंग्लंडचे उदाहरण घेऊ.

तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचा प्रवर्तक मंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधील ट्रेडेगारचा. लहानपणीच खाणीत उतरलेला, कामगार संघटनेत वाढलेला. त्याच्या गावचे खाणकामगार पगारातून वर्गणी देऊन स्वतःचे डॉक्टर ठेवीत. म्हणून आम्हां चळवळीतल्या माणसांना ही सेवा आपली वाटते. तिचे वैगुण्यही आम्हीच बोलून दाखविले पाहिजे.

वैगुण्य असे की, घराच्या वाटण्या व्हाव्यात तसा कारभार तिघांत वाटला गेला. इस्पितळे एकाकडे, घरगुती डॉक्टर दुसऱ्याकडे, घरी जाणाऱ्या परिचारिका व रुग्णवाहिका नगरसंस्थांकडे. १९७४ साली या वाटण्या बऱ्याच अंशी मोडल्या. पण वृद्धांना घरी न्हाऊमाखू घालण्याची व्यवस्था नगरसंस्थांकडेच राहिली. इस्पितळ फुकट, ही मदत मात्र ऐपत पाहून!

परिणाम काय झाला? एखादी म्हातारी पडते, इस्पितळात येते, बरी होते. घरी करणारे कोणी नाही, म्हणून खाट सुटत नाही. पडून पडून तिच्या पायांतले बळ जाते. खाली अपघात विभागात नवा रोगी खाटेची वाट पाहतो, आणि बाहेर रुग्णवाहिका अडकून पडते. चार तासांत शेकडा ९५ रोग्यांची सोय लागावी हा तेथील दंडक २०१५ नंतर देशभर पाळला गेलेला नाही.

उपाय सुरू झाले आहेत. निकडीचा निरोप येताच दोन तासांत परिचारिकांचे पथक घरी पोचावे, असा नियम २०२२ साली इंग्लंडभर लागू झाला. त्याच वर्षी इस्पितळ व घरची सेवा यांचा एकत्र विचार करणारी प्रादेशिक मंडळे कायद्याने आली.

पण मंडळाचा ठराव म्हातारीला हात धरून उठवीत नाही. उठविणाऱ्या बाईला पुरेसा पगार आणि जाण्यायेण्याच्या वेळेचा मोबदला मिळाला, तरच ती टिकेल. आपल्याकडे १०८ क्रमांकाची गाडी रोग्याला इस्पितळाच्या दारी आणते. तो घरी परतल्यावर चौकशीला जाणाऱ्या आशाताईला मात्र आपण पगार नव्हे, मानधन देतो. इस्पितळाची गर्दी हटवायची असेल, तर हिशेब या उंबरठ्यापासून मांडला पाहिजे.